इलेक्ट्रिक सायकलच्या वायरी बांधणं आणि झाकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये साध्या सायकलला चाकातल्या मोटरचं किट बसवून घेणारे आता राजेंद्रनगरापासून टिळकनगरापर्यंत सगळीकडे भेटतात. किट बसतं, सायकल छान पळते, पण हँडलाखाली वायरींचा झुबका लोंबत राहतो आणि कंट्रोलरचा, म्हणजे बॅटरीकडून मोटरकडे जाणारा करंट आवरणारा, डबा कॅरिअरला कसाबसा बांधलेला असतो. मग प्रश्न सुरू होतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझा एक आग्रह आधीच सांगतो: वायर अशी झाकावी की पंक्चर झालं, पाऊस लागला, कनेक्टर बिघडला तर ती पाच मिनिटांत उघडता आली पाहिजे. दिसायला सुरेख पण उघडायला अशक्य, असं काम मला पसंत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच आग्रहातून आली आहेत.

सुरुवात कुठून करायची?

बॅटरी काढण्यापासून. नुसती चावी बंद करून भागत नाही, बॅटरी सायकलवरून उतरवून बाजूला ठेवायची. त्यानंतर डिस्प्लेचं किंवा चालू करायचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो. कित्येकदा दिवा क्षणभर लागून विझतो, तो त्याचाच. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. 36 व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर 42 व्होल्ट देते आणि 48 व्होल्टची 54.6. याचा झटका सहसा जाणवत नाही, पण दोन टोकांमध्ये अंगठी अडकली तर बोट भाजतं आणि ठिणगी उडते ती वेगळीच.

मग फोटो काढा. प्रत्येक जोडाचा जवळून एक आणि सगळ्या सायकलचा लांबून एक. प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नाव लिहा: मोटर, ब्रेक, डिस्प्ले. देवनागरीतच लिहा. आपल्याला तर वाचता येतंच, पण उद्या रस्त्यात कुठला मिस्त्री सायकल उघडेल तेव्हा त्यालाही ते वाचता येईल.

आणि झाकायची घाई करू नका. किट नवं असेल तर वायरी आधी सैल बांधून काही दिवस सायकल चालवा. मोटर, ब्रेक, डिस्प्ले सगळं बिनतक्रार चालतंय याची खात्री झाली की मगच नळ्या आणि टेप लावा.

एवढ्या वायरी असतात तरी कशाच्या? कुठली कुठली हे कसं ओळखायचं?

वायर कशाची आहे हे कळलं की ती कुठून न्यायची ते आपोआप ठरतं, म्हणून हे नीट समजून घ्या.

बॅटरीकडून कंट्रोलरकडे दोन जाड वायरी येतात, लाल आणि काळी. सगळा करंट यातूनच वाहतो. कंट्रोलरमधून मोटरकडे तीन जाड वायरी जातात. त्या बहुधा पिवळी, हिरवी आणि निळी असतात. त्यांना फेज वायर म्हणतात. त्यांच्यासोबत पाच बारीक वायरी असतात. लाल आणि काळी मोटरमधल्या हॉल सेन्सरना 5 व्होल्ट देतात, उरलेल्या पिवळी, हिरवी, निळी या मोटर फिरताना कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवतात. म्हणजे एकाच रंगाची एक जाड आणि एक बारीक वायर असते. त्यात गोंधळ करू नका.

थ्रॉटलला, म्हणजे हँडलावरच्या वेग वाढवायच्या मुठीला किंवा खटक्याला, तीन बारीक वायरी असतात. त्यातल्या संकेताच्या वायरीवर साधारण 1 व्होल्टपासून 4 व्होल्टच्या आसपास दाब बदलतो आणि त्यावरून मोटर वेग घेते. पेडलजवळच्या सेन्सरलाही तीनच. प्रत्येक ब्रेक लिव्हरला बहुधा दोन. ब्रेक दाबला की मोटर तोडायचं काम त्या करतात. डिस्प्लेला पाच: बॅटरीचा दाब, चावीची वायर, अर्थिंगची वायर, आणि माहिती नेण्या-आणण्याच्या दोन.

तुमच्या किटमध्ये गोल, पाणीरोधक कनेक्टर असतील तर काम सोपं आहे. मोटरचा नऊ पिनांचा एकच कनेक्टर असतो, आणि डिस्प्लेचा हिरवा, थ्रॉटलचा पिवळा, ब्रेकचे लाल अशी रंगांची सोय बहुतेक ठिकाणी दिसते. दोन्ही अर्ध्यांवर बाण असतो. बाणासमोर बाण आणून सरळ दाबायचं, पिळायचं नाही. पिळलं की आतल्या बारीक पिना वाकतात, आणि वाकलेली पिन सरळ करताना बहुधा तुटतेच.

जादाच्या वायरी कापून टाकल्या तर चालेल का?

साध्या कंट्रोलरला क्रूझ, तीन वेग, हॉर्न, उलटी चाल, चोरीची सूचना अशा कितीतरी वायरी असतात आणि त्यातल्या निम्म्या आपल्या कामाच्या नसतात. तरीही मुळापासून कापू नका. उद्या थ्रॉटल बदलला, डिस्प्ले घेतला, तर त्यातलीच एखादी लागते. प्रत्येक टोकावर वेगळी श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, ट्यूब टोकाच्या पुढे बोटाच्या पेरभर ठेवून गरम असतानाच पकडीने चपटी दाबा, म्हणजे तोंड बंद होतं. सगळी टोकं एकत्र धरून वर एकच टेप गुंडाळणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आतल्या आत ती एकमेकांना लागतात.

दोन वायरींबद्दल विशेष सांगतो. पहिली, चावीची बारीक लाल वायर. ती बारीक आहे म्हणून 5 व्होल्टची समजू नका. साध्या कंट्रोलरमध्ये तिच्यात बॅटरीचा पूर्ण दाब असतो. ती थ्रॉटलच्या किंवा हॉलच्या वायरीला टेकली की कंट्रोलर जळतो आणि सोबत सेन्सरही जातात. दुसरी, पांढऱ्या वायरींची जोडी. मोटर कुठल्या दिशेने फिरायची हे कंट्रोलरला शिकवण्यासाठी ती काही क्षण जोडायची असते. शिकवून झालं की सुटी करून दोन्ही टोकं वेगवेगळी बंद करायची. ही जोडी जोडलेलीच ठेवून वर स्लीव्ह (वायरी झाकायची बाही) चढवलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. मग चालू केल्याबरोबर चाक आपोआप फिरू लागतं.

वायर फार लांब आहे. कापून छोटी करू की गुंडाळून ठेवू?

कुठली वायर, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

बंद साच्यातला पाणीरोधक कनेक्टर असलेली बारीक केबल कापू नका. आत पाच-पाच केसासारख्या वायरी असतात, त्या जोडून पुन्हा पाणी अडवणं घरच्या घरी जमत नाही. अशा केबल वेगवेगळ्या लांबीत मिळतात, छोटी मागवा. ते शक्य नसेल तर जादा लांबी गोल वेटोळं करून न ठेवता दांडीच्या लांबीने पुढे-मागे घडी घालून ठेवा. घडीचा वळसा बोटाच्या जाडीपेक्षा लहान नको. अशी चपटी घडी दांडीखाली सपाट बसते आणि झाकल्यावर फुगवटा दिसत नाही.

जाड वायरी मात्र कापून छोट्या करता येतात, आणि कराव्यात. तांब्याच्या 1.5 चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे 12 मिलिओहम असतो. कंट्रोलर मागे आणि बॅटरी पुढे, मध्ये एक मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर वायर. 15 अँपिअर वाहिले तर सुमारे 0.36 व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि पाच वॅटहून थोडी जास्त उष्णता तिथेच तयार होते. आकडा लहान वाटेल, पण ही वायर दोन स्लीव्ह आणि एका टेपखाली कोंडलेली असते हे विसरू नका. वाढवायचीच वेळ आली तर मोटरकडच्या वायरी वाढवा आणि बॅटरी ते कंट्रोलर अंतर कमीत कमी ठेवा. बॅटरीच्या वायरी लांबवल्या की कंट्रोलरच्या कपॅसिटरवर दाबाचे झटके वाढतात आणि त्यांचं आयुष्य घटतं.

जोड देताना क्रिंप करावा (धातूची छोटी नळी खास हत्याराने वायरीवर दाबून) की सोल्डर (कथील वितळवून), यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत क्रिंपच्या बाजूने आहे, पण हत्यार योग्य हवं. सोल्डर वायरीच्या आत शोषला जातो, तो जिथे संपतो तिथे वायर कडक ते मऊ अशी एकदम बदलते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या धक्क्यांनी नेमकी तिथेच तुटते. सोल्डर केलाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर पुढे जाईल एवढी श्रिंक ट्यूब चढवा आणि तो भाग फ्रेमला बांधून टाका, म्हणजे हलणार नाही. पकडीने दाबलेला आणि वर टेप गुंडाळलेला जोड हा क्रिंप नव्हे.

वायरी फ्रेमवरून कुठून न्यायच्या?

खालच्या तिरक्या दांडीच्या खालून, चेनच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडून. उभ्या माणसाला दांडीची खालची बाजू दिसतच नाही, त्यामुळे काहीही न झाकता निम्मं काम होतं. चिखल उडतो हे खरं, पण त्याला स्लीव्ह आहे. पुढचा मडगार्ड लांब असेल तर तोही कमी होतो.

वरच्या दांडीवरून वायर नेऊ नका. पाय टाकताना कापड घासतं, सायकल भिंतीला टेकवताना ओरखडे पडतात, आणि लहान मूल पुढे बसलं की ते हमखास वायर ओढतं. लेडीज सायकलला वरची दांडी नसते, तिथे खाली झुकलेल्या जाड दांडीचा खालचा भाग वापरा. फक्त पेडलच्या धुरीजवळ वळण सौम्य ठेवा.

जिथे सायकल हलते तिथे वायर सैल, जिथे हलत नाही तिथे घट्ट. हलणाऱ्या जागा मोजक्याच आहेत: हँडल वळतं तो गळा, पुढचा सस्पेन्शन, घडी घालायच्या सायकलचा बिजागर. बांधण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. वायर कुठेही ताणली जायला नको आणि फ्रेमच्या गळ्यात चिमटायला नको. सस्पेन्शन असेल तर हँडलवर सगळं वजन टाकून पुढचा भाग दाबा आणि त्याच वेळी वायर चाकाकडे झुकत नाही ना ते दुसऱ्या कुणाला पाहायला सांगा. पहिला केबल टाय (प्लॅस्टिकची बांधायची पट्टी) गळ्यापासून वीतभर मागे मारायचा, अगदी जवळ नाही.

डिस्क ब्रेक असेल तर चकतीपासून वायर निदान दोन बोटं दूर हवी. ब्रेक मारल्यावर ती चकती इतकी तापते की वायरीचं आवरण वितळू शकतं.

हँडलवरचा गुंता कसा कमी करायचा?

सगळ्यात मोठा फरक एकाच वस्तूने पडतो: एकातून चार निघणारी केबल. कंट्रोलरकडून एक जाड केबल पुढे येते आणि हँडलपाशी तिच्या चार शाखा होतात. एक डिस्प्लेची, एक थ्रॉटलची आणि दोन ब्रेकच्या. चार-पाच लांब वायरींच्या जागी एकच उरते. मात्र तुमचा कंट्रोलर त्याच कनेक्टरचा हवा, ही एकच अट.

ती नसेल तर ब्रेकच्या केबलीसोबत वायरी चालवा. ब्रेकच्या केबलीचं वळण आधीच हँडलाच्या हालचालीला जुळलेलं असतं, म्हणून तिच्या अंगाने गेलेली वायर ताणली जात नाही. गळ्याच्या पुढे सगळ्यांवर मिळून एक स्पायरल (वेटोळ्याची प्लॅस्टिक पट्टी) किंवा झिप लावलेली कापडी बाही चढवा. एक काळजी घ्या: टाय इतका आवळू नका की ब्रेकचा लिव्हर पूर्ण परत येणार नाही. लिव्हर जरासा ओढलेला राहिला की कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच वाटतो आणि मोटर उठत नाही. मग लोक मोटर बिघडली म्हणून किट काढून दुकानात नेतात.

कंट्रोलर पिशवीत लपवला तर चालेल?

पिशवीला हवा असेल तर चालेल.

कंट्रोलरचा डबा ॲल्युमिनियमचा असतो तो उष्णता बाहेर टाकण्यासाठी. 36 व्होल्टच्या किटचा कंट्रोलर चढावर 15 अँपिअर ओढत असेल तर 540 वॅट त्यातून जातात. त्यातला शेकडा पाच भाग जरी उष्णतेत गेला तरी 27 वॅट होतात, आणि एवढी उष्णता बंद पिशवीतून बाहेर पडायला जागाच नसते. एप्रिल-मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्यात काळी रेक्झिनची पिशवी उन्हात उभी. अशा पिशवीत कंट्रोलर, वायरींचं भेंडोळं आणि वर अंग पुसायचा टॉवेल कोंबलेला मी अनेकांकडे पाहतो. हे कृपा करून टाळा. रालामंडलच्या बाजूला चढावर सायकल अचानक बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालू होते, अशी तक्रार आली की मी आधी पिशवी उघडायला सांगतो.

चांगल्या जागा अशा: सीटखालच्या उभ्या दांडीच्या मागे, चाकाच्या पुढे, किंवा पाण्याच्या बाटलीच्या बोल्टवर पट्टी लावून बॅटरीच्या खाली. डब्याची सपाट बाजू फ्रेमच्या धातूला टेकवली तर फ्रेमही थोडी उष्णता ओढून घेते. वायरी ज्या बाजूने निघतात ती बाजू खाली ठेवा. छपराच्या कडेवरून पागोळी ओघळते तसं पाणी वायरीवरून खाली ओघळतं, तोंड वर असेल तर ते थेट डब्यात शिरतं. पिशवीच हवी असेल तर जाळीच्या कापडाची घ्या, किंवा खालच्या अंगाला पुढे-मागे छिद्रं असलेली. वरून पावसाची टोपी वेगळी ठेवा, जून ते सप्टेंबर वापरा, बाकी आठ महिने काढून ठेवा.

टेप कुठली, स्लीव्ह कुठली, आणि मिळते कुठे?

घरच्या लायटीला वापरतो ती चकचकीत काळी टेप इथे वापरू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, कडा उलटतात, वायर चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. दोन उन्हाळ्यांनंतर ती काढायला गेलात तर हात, वायर, कनेक्टर सगळं बरबटतं. मोटारगाड्यांच्या वायरींवर असते ती कापडी टेप चांगली. उष्णता सोसते, खडखडाट करत नाही, हाताने फाडता येते. जिथे पाणी अडवायचं आहे तिथे स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप. ती ताणून गुंडाळायची. गोंद नसल्याने नंतर ब्लेडने चीर देऊन सोलून काढता येते.

लांब सरळ भागासाठी विणलेली जाळीची स्लीव्ह मला सगळ्यात आवडते. ती हवा खेळू देते, पाणी धरून ठेवत नाही आणि दोन्हीकडून दाबली की फुलते, त्यामुळे कनेक्टरसह आत घालता येते. तिची टोकं उसवतात, म्हणून तिथे श्रिंक ट्यूबचा छोटा तुकडा लावा. स्पायरल दिसायला थोडा बोजड, पण मध्येच कुठलीही वायर बाहेर काढता येते. वायरी पुन्हा पुन्हा उघडाव्या लागणार असतील तर स्पायरलच घ्या.

केबल टाय काळेच घ्या. पांढरे उन्हात ठिसूळ होतात. शेपूट कापताना कटर डोक्याला टेकवून सपाट कापा. तिरकं कापलेलं टोक पोटरीला पात्यासारखं लागतं. जिथे वारंवार उघडायचं आहे तिथे टायऐवजी वेल्क्रोची पट्टी.

हे सगळं सियागंज आणि महाराणी रोडच्या दुकानांत मिळतं. बारीक कनेक्टर आणि श्रिंक ट्यूबसाठी जेल रोडलाही फेरी मारा. श्रिंक ट्यूब घेताना लक्षात ठेवा, साधी ट्यूब तापवल्यावर निम्म्या व्यासाची होते. कनेक्टरवरून सरकेल इतकी मोठी आणि आवळल्यावर वायरीला घट्ट बसेल इतकी लहान, या दोन्ही गोष्टी साधत नसतील तर तीनास एक आवळणारी मागा.

फ्रेमला भोक पाडून वायरी आतून नेल्या तर?

नाही. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो आणि धक्क्यांनी वाढत जातो. लोखंडाची असेल तर रंग गेलेल्या कडेवर गंज चढतो. किट बसवलेल्या सायकलवर बॅटरी आणि मोटरचं वजन आधीच वाढलेलं असतं. भोक पाडून मिळतं ते केवळ रूप, आणि पणाला लागते ती दांडी.

कंपनीनेच वायरीसाठी भोकं दिलेली असतील तर जरूर वापरा. आधी जुन्या ब्रेकची आतली तार एका भोकातून सरकवून दुसऱ्यातून बाहेर काढा, तिच्या टोकाला दोरा बांधा, आणि दोऱ्याला वायर बांधून ओढा. भोकाच्या कडेला रबराचा बूच हवाच, नाहीतर धातूची कड आवरण कापते. आणि कनेक्टर कधीही दांडीच्या आत सोडू नका.

पाऊस, धुणं आणि रंगपंचमी?

आपल्याकडचा पाऊस सायकलला सोसतो, सायकलवरचं प्रेशरचं पाणी सोसत नाही. सर्व्हिस सेंटरवरचा फवारा कनेक्टर, कंट्रोलर आणि मोटरच्या धुरीवर मारू देऊ नका. बादली, फडकं आणि मऊ ब्रश पुरे. माळव्यातली काळी माती ओली असताना ओढून काढू नका, वायरी सोबत ओढल्या जातात. वाळू द्या, मग ब्रशने झडते.

प्रत्येक वायरीला कनेक्टरच्या आधी खाली झुकणारं एक वळण ठेवा. पाणी वळणाच्या तळाशी जमून टपकतं, जोडापर्यंत चढत नाही. मोटरची वायर धुरीतून बाहेर येते तिथे हे वळण सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथून पाणी सरळ मोटरच्या आत जातं. उघड्या पिनांच्या कनेक्टरमध्ये थोडं डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं) ग्रीस भरा. चेनचं ग्रीस नव्हे. कनेक्टरची पूर्ण मोट टेपने घट्ट बांधून हवाबंद करायचा मोह टाळा. पाणी कुठून तरी आत शिरतंच, आणि मग बाहेर पडायला वाट उरत नाही. खालचं तोंड मोकळं असू द्या.

रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, किट लावलेली सायकल नेऊ नका. टँकरचं रंगीत पाणी आणि हवेतला गुलाल या दोन्हीपासून वाचेल असा घरगुती कनेक्टर नाही. गल्लीतल्या रंगात भिजलीच, तर त्याच दिवशी बॅटरी काढा, कनेक्टर उघडा, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने रंग पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत जोडू नका. वाळलेला गुलाल पिनांवर बसून ओलावा धरून ठेवतो आणि पिना हिरव्या पडतात.

मागचं चाक पंक्चर झालं तर सगळं पुन्हा उघडावं लागेल का?

नीट बांधलं असेल तर एक वेल्क्रो आणि एक कनेक्टर, एवढंच. मोटरचा कनेक्टर धुरीपासून साधारण वीत-दीड वीत अंतरावर ठेवा आणि तो कधीही श्रिंक ट्यूबखाली पुरू नका. पंक्चर काढणारा सायकल उलटी करतो, नट सोडतो आणि चाक ओढतो. वायर ओढली जातेय हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि यायचं कारणही नाही, कारण ती आपण झाकून ठेवली आहे. म्हणून कनेक्टरवर पिवळ्या टेपची पट्टी लावा आणि त्यावर ‘आधी हे काढा’ असं हिंदीत लिहा: ‘पहले इसे खोलें’. मिस्त्रीने ‘भिया, ये तार किसका है?’ असं विचारलं तर कृपया वैतागू नका. विचारणारा मिस्त्री चांगला मिस्त्री.

चाक परत बसवताना धुरीची चपटी बाजू खाचेत नीट बसली पाहिजे आणि धुरी फिरू नये म्हणून लावलेली पट्टी जागेवर आली पाहिजे. ही पट्टी विसरली तर जोर लागताच धुरी स्वतःभोवती फिरते आणि वायर पिळून तोडते. वायरीचं तोंड खाली आहे ना, तेही याच वेळी पाहा.

उंदरांचं काय करायचं?

बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा मल्टीच्या (बहुमजली इमारतीच्या) तळघरात सायकल उभी राहते तिथे हा त्रास खरा आहे. मऊ कापडी बाही उंदराला घरटं वाटते. अशा ठिकाणी खालच्या अर्ध्या भागात कडक प्लॅस्टिकची पन्हळी नळी वापरा, गाड्यांमध्ये असते तीच. पिशवीत बिस्किटांचा चुरा, शेवेचं पाकीट ठेवू नका. सायकल वरचेवर हलवत राहा.

बॅटरीच्या जाड वायरींचं काम घरी करावं का?

झाकण्याचं काम करा. कनेक्टर बदलायचं काम ज्याला मल्टिमीटर वापरता येतो त्यानेच करावं. लाल-काळी एकदा जरी उलटी लागली तरी कंट्रोलर जातो. पिवळे एक्सटी 60 कनेक्टर लावत असाल तर बॅटरीकडे मादी बाजू ठेवा, म्हणजे सुटलेल्या टोकावर उघडी पिन राहणार नाही. दोन वायरींची टोकं कधीही एकदम कापू नका. एक कापा, झाका, मग दुसरी. कटरच्या पात्याने दोन्ही एकत्र चिरल्या की शॉर्ट होतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा आणि तो झाकलेला असला तरी हाताला लागला पाहिजे. फ्यूज काढून सरळ तार जोडून दिलेली सायकल रस्त्यावर नेऊ नका.

कंपनीची तयार इलेक्ट्रिक सायकल आहे. तिला हात लावू का?

बाहेरून टाय आणि स्लीव्ह, एवढंच. कनेक्टर कापला, कंट्रोलर उघडला, तर वॉरंटीचा प्रश्न येतो. वॉरंटीचा कागद आधी वाचा.

वायरी झाकल्या तर मोठी मोटर लावली हे कळणार नाही ना?

त्या हेतूने झाकत असाल तर या कामात मी मदत करत नाही. आपल्याकडे मोटार वाहनाच्या नियमांमधून सूट मिळते ती 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर या मर्यादेच्या आतल्या सायकलीला. त्यापुढची गाडी नोंदणी, विमा, परवाना या सगळ्यात येते, वायर दिसो वा न दिसो. शिवाय सायकलचे ब्रेक आणि फ्रेम त्या वेगासाठी केलेले नसतात. आणि पिशवी किंवा स्लीव्ह लावताना पुढचा पांढरा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर झाकला जाणार नाही हे पाहा. बायपासवर रात्री त्यांचाच आधार असतो.

सगळं झाकून झालं आणि आता मोटर थरथरते किंवा उठतच नाही. कुठे पाहू?

सगळं उघडत बसू नका. आधी लक्षणं पाहा. मोटर थरथरते, आवाज करते पण फिरत नाही, तर मोटरचा कनेक्टर पूर्ण बसलेला नाही किंवा हॉलची एखादी बारीक पिन वाकली आहे. डिस्प्ले लागतो पण मोटर अगदी शांत, तर ब्रेकच्या वायरी एकेक करून सोडून पाहा. त्यातली एक सोडल्यावर मोटर उठली तर त्या लिव्हरवरचा टाय सैल करा. थ्रॉटलने चालते पण पेडलने नाही, तर पेडलजवळचा सेन्सर बांधताना चुंबकाच्या चकतीपासून दूर सरकला आहे. त्यांच्यात काही मिलिमीटरचंच अंतर हवं. हँडल एका बाजूला वळवल्यावरच बंद पडते, तर गळ्यापाशी वायर ताणली जाते आहे, तिथला पहिला टाय कापून मागे सरकवा.

बॅटरी काढलेली असतानाही चाक हाताने फिरवायला जड जात असेल, अडखळत फिरत असेल, तर मोटरचा कनेक्टर काढून पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर कंट्रोलरचा भाग शॉर्ट झाला आहे. तरीही जडच राहिलं तर कनेक्टर आणि धुरी यांच्यामध्ये कुठेतरी फेज वायरींचं आवरण चिरडून तांबं तांब्याला लागलं आहे. ती जागा बहुधा धुरीच्या तोंडाशी किंवा सगळ्यात घट्ट आवळलेल्या टायखाली सापडते. सापडेपर्यंत बॅटरी लावू नका.